वॉलचं मशीन आणि आमचे घरमालक

परवा पुण्यात भाचीकडं गेले होते. जावईबापूंनी गाणी ऐकायला दोन मशिनं मांडून ठेवलेली. एक नवं, चपटं, गुळगुळीत. दुसरं जुनं, आत काचेचे दिवे असलेलं, आणि घरात सगळं कौतुक त्या जुन्याचं. जावईबापू मला समजावून सांगायला लागले, "मावशी, नव्यात आवाज स्वच्छ येतो, पण जुन्यात जी ऊब असते ना, ती..." ऊब म्हटल्याबरोबर मला जे हसू फुटलं ते थांबेचना. पोरांना वाटलं म्हातारीला उचकी लागली. अहो, हे ज्या उबेचं कौतुक सांगत होते, त्या उबेवर लागलेलं दही मी चार वर्षं खाल्लंय!

ते दही आमच्या घरमालकांच्या मशीनवर लागायचं. घरमालकांना मी मामा म्हणायची. नाव सांगत नाही, गावाचंही सांगत नाही, कारण या गोष्टीत एक चेअरमन येणार आहेत आणि त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदतायत. भूम तालुक्यात, ईटच्याही आत, एवढं पुरे.

मी धाराशिवची. वडील कोर्टात पट्टेवाले. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मास्तरीण झाले आणि पहिलीच नेमणूक या गावात. बहात्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. एसटीतून ट्रंक घेऊन उतरले आणि खोली शोधायला लागले. पहिल्या दारात विचारलं, आडनाव काय? मी सांगितलं. खोली दुरुस्तीला काढलीय म्हणाले. दुसऱ्या दारात तेच. त्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या खोल्या दुरुस्तीला निघाल्या होत्या. सहाव्या घरापर्यंत माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

सातव्या घरी ओसरीवर एक हडकुळा माणूस मांडीत लोखंडी खोकं घेऊन कसल्याशा तारेला डाख देत बसला होता. मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "आधीच सांगते, आम्ही बौद्ध. खोली दुरुस्तीला काढायची असेल तर आत्ताच काढा, मला ट्रंक पुन्हा उचलायचा कंटाळा आलाय."

त्यांनी मान वर केली. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मी आपली उभी. मग म्हणाले, "गाणं कसं ऐकता? मोठ्यानं का बारीक?"

"चांगलं असलं तर मोठ्यानं."

"मग या आत. तुमच्या आवाजात खरखर न्हाय."

झालं! एवढीच मुलाखत. आतून मामींनी चहा आणला, त्यांच्याच कपात.

मामांचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, बारसं, सोसायटीची सभा, सकाळी दूध संकलनाची हाक, सगळीकडं मामांचं मशीन. निजामाच्या अमदानीत पोरवयात ते हैदराबादेला गेले होते, तिथं एका रेडिओवाल्याकडं शिकले, आणि परत येताना हे मशीन आणि तोंडात थोडी उर्दू घेऊन आले. मशीन उचलायला दोघं लागायचे. आत सहा वॉल. वॉल म्हणजे काचेचे दिवे, बटण दाबलं की हळूहळू लाल होत जाणारे. गावची वीज तेव्हा अशी अशक्त की शहरात अर्ध्या मिनिटात तापणारं मशीन आमच्याकडं दोन-अडीच मिनिटं घ्यायचं. तोवर मामा हात वर करून उभे. "तापू द्या!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. भाजीला घाई केली तरी तापू द्या, भांडणात कुणी तावातावानं बोलायला लागला तरी तापू द्या. माघारी सगळं गाव त्यांना 'तापू द्या' असंच म्हणायचं. सकाळी उठल्यावर स्वतः मामाही दोन मिनिटं कुणाशी बोलत नसत. मामी म्हणायच्या, "बोलवू नका ग, वॉल गार हायत."

मामींचा आणि त्या मशीनचा जुना उभा दावा. सवत म्हणायच्या तिला. पण थंडीत विरजण लागेना की भांडं सवतीच्याच डोक्यावर. सकाळी तासभर मशीन चालायचं, तेवढ्यात दही असं घट्ट की चमचा उभा राहावा. पापड तिथंच कडक व्हायचे. एकदा मी माझा ओला स्कार्फ वाळत टाकला तर मामा चिडले. "बाई, अदब पाहिजे! ती काय दांडी हाय?" मी म्हटलं, "आणि दही?" तर म्हणाले, "दही तिला आवडतं." 

माईक तपासायला लोक हॅलो हॅलो करतात, एक-दोन-तीन म्हणतात. मामा घरात केलेली भाजी सांगायचे. "आज आमच्यात शेपू हाय... शेपू... शेपू..." चारी भोंग्यांतून. मामींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवराबायकोचं बिनसलं असलं की भोंग्यातून यायचं, "आज आमच्यात काय बी न्हाय." मग शेजारणी वाटीत कालवण घेऊन हजर. मामींनी कितीदा दम दिला, पण हे म्हणायचे, खोटं बोललं तर माईकची तपासणी कशी होईल?

आणि माणसांच्याही त्यांनी दोन जाती पाडलेल्या. वॉलची माणसं आणि ट्रान्झिस्टरची माणसं. वॉलची उशिरा तापतात पण दम धरतात. ट्रान्झिस्टरची लगेच बोलतात आणि तार जरा चिकटली की जळून जातात. पोस्टमन वॉलचा. हेडमास्तर वॉलचे, पण दोन फुटलेले. "तुमी ट्रान्झिस्टर हाव, बाई," मला म्हणाले, "बटनाला हात लागायच्या आत तुमी बोलून मोकळ्या." मी तिथल्या तिथं भांडायला उभी राहिले. ते हसले, "बगा!"

आता त्या दोन मिनिटांबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. गावात कुठलाही कार्यक्रम असो, वॉल फुकट जळू नयेत म्हणून मामा बटण वक्ता माईकसमोर उभा राहिल्यावरच दाबायचे, आणि मशीन तापेपर्यंत दोन मिनिटं त्याचा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही. वर्षानुवर्षं हे चाललेलं, त्यामुळं लोकांनी त्या दोन मिनिटांची सोय करून ठेवली होती. माईकसमोर उभं राहायचं, हात जोडायचे, आणि खाजगी कामं उरकायची. हेडमास्तर त्यात कवळी बसवून घ्यायचे. लग्नात नवऱ्याचा मामा नवरीचं नाव विचारून घ्यायचा. भजनीमंडळी त्यात आपलं भांडण मिटवायची. मग भोंग्यातून 'घुंऽऽ' असा आवाज उठायचा. घुंऽऽ झालं की सगळे सावध. तिथून पुढं जाहीर. नवीन आलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नसे, बघून बघून यायचं.

या दोन मिनिटांचा सगळ्यात पुरेपूर वापर करायचे ते सोसायटीचे चेअरमन. माईकसमोर उभं राहूनच सेक्रेटरीला जवळ बोलवायचे आणि कुणाला काय बोलायचं, कुणाला गप्प बसवायचं ते ठरवायचे. त्यांची कुजबुज म्हणजे दुसऱ्याची आरोळी, पण घुंऽऽ व्हायच्या आत सगळं आटोपलेलं असायचं.

चेअरमनांचं आणि मामांचं जरा वाकडंच होतं. दुष्काळात टँकर आला की मामा भोंग्यावरून पुकारा करायचे, पण भोंगा आधी आमच्या लोकांच्या वस्तीकडं फिरवायचे, ती लांब म्हणून, आणि मग गावाकडं. जवळच्याला धावायला कमी लागतं, असं त्यांचं साधं म्हणणं. चेअरमनांच्या घागरी नंबरात मागं पडायच्या. ते तेव्हापासून सलत होतं, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं काही मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मामांच्या सुपाऱ्या एकदम आटल्या. लग्नसराई तोंडावर आणि मशीन ओसरीवर बसून. मी मामींना विचारलं तर म्हणाल्या, "हंगाम मंदा हाय, बाई," आणि चुलीकडं वळल्या. तेवढ्यात बातमी आली की सोसायटीनं सोलापूरहून नवं ट्रान्झिस्टरचं मशीन आणलंय. चेअरमनांचा पुतण्या ते चालवणार आणि गावातल्या सगळ्या कार्यांना फुकट देणार. म्हणजे मामांचा धंदा बुडालाच की!

आम्ही ते मशीन बघायला गेलो. एवढंसं, काखेत मारून न्यावं असं. पुतण्यानं बटण दाबलं आणि त्याच क्षणी गाणं चालू. मामी वाकून म्हणाल्या, "यावर दही लागंल का?" पुतण्यानं हात लावून दाखवला, गार. मामींनी तोंड मुरडलं.

मामा मात्र त्याच्याभोवती तीनदा फिरले. घरी येऊन जेवलेच नाहीत. म्हणाले, "बाई, माणूस वरडला तर माजी मशीन त्याचं वरडणं पोटात घेती. ही तोंडावर फेकून मारंल. रस न्हाय, बघा. रस न्हाय तिच्यात."

आणि मी काय म्हणावं? माझी जीभ अशी! मी म्हटलं, "मामा, जमाना बदलला. ती हलकी, बॅटरीवर चालते, वीज गेली तरी बंद पडत नाही. शाळेला बरी पडेल. तुमचं ते धूड आता काढा मोडीत." मामींनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, मी जरा जास्तच बोलले. मामा एवढंच म्हणाले, "ऐकून ठरवू."

मग सोसायटीत जाऊन त्यांनीच मागणं मांडलं. सालाना सभेत दोन्ही मशिनं लावा. आधी नवी ऐका, मग जुनी ऐका, आणि सोसायटीनं कुठली ठेवायची ते लोकांनी हात वर करून सांगावं. चेअरमन लगेच तयार झाले. त्यांना तर हेच पाहिजे होतं.

सभेचा दिवस. सकाळची दहाची वेळ. सोसायटीच्या गोडाऊनच्या ओसरीत स्टेज, समोर पटांगण, आणि चारी भोंगे वर पत्र्यावर, तोंडं पटांगणाकडं आणि गावाकडं. स्टेजला लागूनच तालुक्याच्या पाहुण्यासाठी हलगी अशी कडाडत होती की स्टेजवरच्याला शेजाऱ्याचं ऐकू येऊ नये. मी पटांगणाच्या पार मागं, स्वागतगीताच्या पोरींची रांग धरून. मामा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांची सवयच ती, आवाज ऐकायचा तर सगळ्यात मागं जाऊन, डोळे मिटून. त्या दिवशी मात्र त्यांचं मशीन स्टेजवर तासाभरापासून तापत ठेवलेलं.  मोडीत काढा म्हणणारी मीच, पण आता सारखं वाटत होतं, देवा, आपलं म्हणजे काय ते, पण यांचं मशीन हरू नये.

चेअरमन माईकसमोर आले. पुतण्यानं नव्या मशीनचं बटण दाबलं आणि पाहुण्याची जीप आली म्हणून फाटकाकडं पळाला. चेअरमननी हात जोडले आणि सवयीप्रमाणं सेक्रेटरीला जवळ ओढलं. हलगी चालूच, म्हणून त्याच्या कानात ओरडले, तोंड माईकला लागलेलं.

"आरं, त्या सायबाचं नाव काय?"

चारी भोंग्यांतून! सगळं पटांगण दचकलं.

"कोंबडं कापलं का? ल्हानच कापा. ह्यो निस्ता चाखणारा हाय!"

लोक असे हसले, असे हसले, म्हातारी माणसं खोकायला लागली. माझ्या पोरी तर रांगेत बसल्याच. चेअरमनना स्टेजवर हलगीपुढं स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. ते घुंऽऽ ची वाट बघत होते, आणि नव्या मशीनमध्ये घुंऽऽ नव्हतंच! लोक आपल्याला बघून खूश झाले असं समजून त्यांनी पुन्हा हात जोडले. पुन्हा हशा. मीही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"बग, लोक खुशीत हायत," भोंगे बोलले. "लगीच हात वर करून घ्यायचे. म्हाताऱ्याचा धंदा बसला की ती बाई आपसूक जाती का न्हाय बग. सा म्हयनं सांगतोय त्याला, खोली मोकळी कर, आपल्या आळीत बौद्धाची बाई नगं. लग्नावाल्यांना सांगून त्याच्या सुपाऱ्या बंद केल्या, तरी हटंना! म्हणतो, खोली माजी हाय. आता ह्या मशीननं मोडतो का न्हाय बग त्याला."

माझं हसू तोंडातच राहिलं. पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. सगळं पटांगण मागं वळून माझ्याकडं बघायला लागलं. आवाज गावावरून गेला, पार वस्तीपर्यंत गेला. सहा महिने! सहा महिने हा माणूस माझ्यापायी धंदा घालवून बसला होता, आणि मी त्याला म्हणत होते, धूड मोडीत काढा. मला इतकी लाज वाटली, इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की तिन्हीतलं आधी काय करावं ते कळेना.

जीप दारात आली तशी हलगी थांबली. "मोडतो त्याला" ची पुन्हा एकदा उजळणी चालली होती, ती त्या शांततेत चेअरमनच्या स्वतःच्या कानांवर आदळली. त्यांनी वर पत्र्याकडं बघितलं, कोण बोललं म्हणून. मग माईककडं बघितलं. मग सेक्रेटरीकडं. चेहरा पांढराफटक.

मी मामांकडं वळले. त्यांचे डोळे अजून मिटलेले.

"मामा, मला सांगितलं का नाही तुम्ही?"

डोळे उघडून ते म्हणाले, "काय सांगायचं, बाई? घर माजं, भाडेकरू तुमी. त्यात चेअरमनचा काय संबंध?"

बायकांच्या बाजूनं एक जण उठली. पहिल्या दारात माझं आडनाव विचारणारी तीच. कंबरेला पदर खोचून ओरडली, "चेअरमन, माजी पोरगी ह्या बाईच्या हाताखाली वाचाय शिकली. बाई कुटं बी जाणार न्हाय! ऐकू आलं का तिकडं?" भोंग्याची गरजच नव्हती तिला. मागून दोघीतिघी आणखी उठल्या. काही बापये मात्र खाली मान घालून जमीन उकरत बसले होते, तेही मी पाहिलं.

चेअरमन खुर्चीत बसले ते बसलेच. पाहुण्याला काही कळेना. आणि घाबरलेला सेक्रेटरी, बिचारा, त्याच्या हातात सभेचा कागद होता, त्यावर शेवटी जे लिहिलं होतं ते त्यानं जुनं मशीन लावायच्या आधीच वाचून टाकलं. "नवं मशीन ठेवावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी... त्यांनी हात वर करावा."

एक हात वर गेला नाही. कुणी माझ्यासाठी खाली ठेवला असेल, कुणी चेअरमनवर खार खाऊन होता म्हणून, कुणी नुसतं शेजाऱ्याकडं बघून. पण समोरच्या सगळ्या पटांगणात एक हात नव्हता. मी जिंकल्यासारखं मामांकडं बघितलं.

मामांचा हात वर होता. सरळ, कोपरात न वाकता, शाळेतल्या पोरासारखा.

"मामा! हात खाली घ्या!" मी पोरींची रांग सोडून त्यांचा हात धरला आणि खाली ओढला. "काय करताय? त्यांचं मशीन ठेवायचं? तुमच्यावर उलटवलेलं मशीन?"

"शब्दन् शब्द आला, बाई," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "माज्यातनं निम्मं गुरगुरीत गेलं असतं. तुमची खोली तुमचीच हाय, ती कोण बी घेत न्हाय. पण आवाज हिचाच साफ हाय."

आणि त्यांनी हात पुन्हा वर केला.